स्वयंपाकघराचा मीटर

अकरा विरुद्ध नऊ.
मस्कारेन्हसांनी हात दोनदा मोजले,
कारण घेवाऱ्यांचा हात मतासाठी वर गेला होता
की डास मारायला, ते कुणाला कळेना.
गव्हाणपाड्यातली आमची वीस बिऱ्हाडं,
पार्किंगमध्ये मांडलेल्या भाड्याच्या खुर्च्या,
आणि खुर्च्यांखाली, जमिनीच्या पोटात,
टँकरमागून टँकर गिळून बसलेली टाकी.

ठराव माझाच होता.
मी एकटी, भिंतीपलीकडे तळवडेकर सात,
आणि पाण्याचं बिल दोघांना सारखं.
बँकेतल्या जुन्या सवयीनं
आखीव कागदावर मांडून नेलं होतं सगळं.
तळवडेकर म्हणाले, "उद्या पाहुणा आंघोळीला गेला
की मी काय बाहेर मीटर बघत उभा राहू?"
लोक हसले. मीही हसले,
आणि हात तसाच वर ठेवला.

प्लंबर म्हणाला, बाई, एकानं भागत नाही.
एक नळी मोरीची, एक संडासाची, एक ओट्याची.
तीन बसले.
डक्टच्या खिडकीतून मान काढली की दिसतात
एकाखाली एक, काचांवर सिमेंटचे शिंतोडे.

पहिल्या महिन्याचे आकडे फळ्यावर लागले.
तळवडेकर: १९ युनिट.
मी: १७.
खडूनंच लिहिलेलं होतं.
बोटानं एक पुसला असता तर सात उरले असते.
जिन्यात तळवडेकरबाई भेटल्या. फळ्याबद्दल अवाक्षर नाही.
अळूच्या फदफद्याची वाटी हातात दिली फक्त.

त्या रात्री एक वाजता
घरातले सगळे नळ पिळून बंद केले,
टॉर्च घेऊन डक्टमध्ये मान घातली.
मोरी गप्प. ओटा गप्प.
संडासाच्या मीटरातलं लाल चाक मात्र
सावकाश फिरत होतं, कुणी बघत नसल्यासारखं.
फ्लशच्या टाकीतलं रबर. बावीस रुपये.
किती वर्षं गळत होतं, देव जाणे.
"ते एकदा बघायला हवं," असं हे म्हणाल्याचं
आठवतं मात्र.

शॉवर सोडला, बादली घेतली.
पहाटे नवं पाणी आलं की कालची कळशी ओतून द्यायची,
तेही थांबवलं. शिळं म्हणे!
भातसाला महिनोन्महिने पडून असलेलं पाणी
माझ्या ओट्यावर एका रात्रीत शिळं कसं होतं?

पुढच्या महिन्यात नऊ.
संडास एक, मोरी दोन,
आणि ओटा सहा.
सहा!
अर्धी वाटी तांदूळ, दोन पोळ्यांची कणीक,
चहा सकाळी एकदा नि चारला एकदा.
सहा हजार लिटरात मी शिजवते तरी काय?

प्लंबरनं नळ खोलला, पुन्हा लावला,
म्हणाला, ह्याला काही झालेलं नाही.

मला माहीत होतं.
दिवेलागणीला मीच तो सोडते, करंगळीएवढा,
खालच्या पातेल्यावर पडेल असा,
आणि बाहेर येऊन पेपर उघडते.
अर्धा तास. कधी जरा जास्त.
आत कुणीतरी भांडी विसळतंय असं वाटतं.
हे विसळायचे रात्रीची,
साबण कमी नि पाणी भरमसाट,
आणि मी इथूनच ओरडायची, नळ बंद करा हो.

हे कागदावर कुठल्या रकान्यात मांडायचं?

काल नाही सोडला.
पेपराचं पान उलटलं तर त्याचाच केवढा आवाज.
मग भिंतीपलीकडे बादली खणाणली,
कुणीतरी खेकसलं, "अरे मीटर, मीटर!"
आणि सातांतलं सगळ्यात धाकटं
खदाखदा हसलं.

त्यांची वाटी अजून माझ्याकडेच आहे.
रिकामी कशी द्यायची?
नारळ फोडला. त्याचं पाणी
वाटीत धरलं, उभ्या उभ्या पिऊन टाकलं,
आणि विळी घेऊन खवायला बसले.