सातव्या मजल्यावरचं झाकण

शारजात, नहदामध्ये, आमच्या मजल्यावर
लिफ्टशेजारी एक खोली आहे, पाय ठेवण्यापुरती.
तिच्या भिंतीत पत्र्याचं झाकण.
ओढलं की अंधार,
सोडलं की पिशवी गेली.
अकरा वर्षं मी एवढंच केलं.
ती कुठे पडते, कान देऊन ऐकलं नाही.

मी बार्शीची.
आमच्याकडे वस्तू अशा जात नसत.
स्टीलच्या एका डब्यासाठी आई
बोहारणीशी तासभर घासाघीस करायची,
ती उठून चार पावलं गेली की
"बरं, ही विजारही घे" म्हणायची.
रद्दीवाल्याच्या तराजूवर माझी नजर असे,
दांडी मारतो म्हणून.
इथे दारात कुणी येत नाही.
जुन्याचं काय केलंत, कुणी विचारत नाही.

ऑगस्टमध्ये नळ तुंबला.
पाचव्यापासून वर वासच वास.
मी तक्रार करायला खाली गेले.
तळघरात नातूर तोफज्जल
लांब गजाने वर ढोसत होता,
खांद्यावर भात, डायपर, कोळंबीची टरफलं,
उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, भिजलेलं.
"काच, भाभी," म्हणाला,
कुणी किती वाजले ते सांगावं तसं.
काच पायाशीच होती.
तिला अजून चिकटलेली चिठ्ठी:
लिंबू, गोड, मे.
माझ्या "ड"ची शेपटी मी कुठेही ओळखेन.

तक्रार तशीच राहिली.

आता बाल्कनीत एसीच्या नळीखाली बादली असते.
थेंब थेंब, सकाळपर्यंत काठोकाठ.
समुद्राचं मीठ काढून घरात आलेलं पाणी
बाटल्या विसळण्यात का घालवायचं?
हे हवेचं पाणी, फुकटचं.
त्यात लबनच्या बाटल्या, ट्यूनाचे डबे,
मग दोरीवर नाही, पण दोरीखाली उपडे.
खोकी पायाने चेपायची. पिझ्झ्याचं तेलकट खोकं नको.
काच उभी ठेवायची, सुटी.
फुटलेली असेल तर जाड कागदात, वर मोठ्या अक्षरात लिहून.
कुणाचा तरी हात असतो खाली.

झाकणाशेजारी तीन खोकी मांडली,
वर चार भाषांत चिठ्ठी.
पहिल्याच आठवड्यात कागदाच्या खोक्यात
कुणीतरी अर्धी बिर्याणी ओतली.
सातशे दोनची सोसम्मा म्हणाली,
कशाला राबतेस, शेवटी सगळं एकाच ट्रकात जातं.
जातं का, मलाही माहीत नव्हतं.
म्हणून एका पहाटे आम्ही दोघी
गाउनवर ओढण्या घेऊन बकाल्यासमोर उभ्या राहिलो,
चष्म्यावर दमट हवेची वाफ.
एक ट्रक आला. गेला.
पाऊण तासाने दुसरा आला,
फक्त निळ्या पेटीसाठी थांबला.
सोसम्मा काही बोलली नाही.
दुपारी तिच्या दाराबाहेर
नारळाच्या दुधाचे सतरा डबे, धुतलेले.

हनानच्या झियादला कॅन चेपल्याचा आवाज आवडतो.
तो आता सहाव्यावर, आठव्यावरही जातो,
चपला फटफटवत.
सातशे पाचवाले अजून सगळं झाकणातच लोटतात.
असू दे. त्यांच्या दाराशी मी रोज हसते,
ते दमतील आधी, की मी, बघू.

टीव्हीचं एक खोकं मात्र मी चेपू दिलं नाही.
तोफज्जलने त्यात साबण, दूध पावडर, दोन ब्लँकेटं भरली,
नायलॉनच्या दोरीने आवळलं,
मार्करने नाव लिहिलं, खाली नोआखाली.
खोकं सुट्टीवर गेलं, तोही गेला.

जाण्याआधी मी त्याला लोणचं दिलं होतं,
नव्या बरणीत, चिठ्ठी लावून.
आज काचेच्या खोक्यात ती दिसली.
धुतलेली. उभी.
चिठ्ठी भिजवून, नखाने खरवडून काढलेली,
अगदी माझ्याच सूचनेप्रमाणे.
झाकणावर पोचा होता म्हणून ओळखली.

वाकून उचलली,
आत हुंगलं. हिंगाचा अगदी पुसट वास.
परत ठेवावी की घरी न्यावी,
ते ठरवत मी तिथेच उभी,
आणि झियाद मागून म्हणतोय,
आंटी, ठेवा ना, तीनच कमी आहेत शंभराला.