शेरा

अशोक चौकातून आत वळलं की
मागांचा खटखटाट आधी येतो, पत्ता नंतर.
पिशवीत बावीस प्रश्नांचा फॉर्म,
दोन पेनं, कोमट झालेलं पाणी.
डॉक्टर म्हणाले होते, डोळा आम्ही मोजलाय,
सहा-बारा आलाय, छान आलाय.
तुम्ही आता जगणं मोजून आणा.

नरसव्वा बोद्दूल. वय बासष्ट, की अडुसष्ट,
आधार कार्डाचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं जमत नाही.
मांडीवर सूप, सुपात पानं, बोटं चालू.
मान वर न करता म्हणाली, बस, बिड्डा.

पेपर वाचताना त्रास होतो का?
अजिबात नाही, थोडा, बराच, फार.
अजिबात नाय.
मी खूण केली. मग सहज विचारलं, कुठला पेपर?
कुठलाच नाय. म्हणून तर त्रास नाय.
खूण खोडली, 'लागू नाही'वर केली.
रात्री गाडी चालवताना, लागू नाही.
दुकानातल्या किमती वाचताना, लागू नाही.
जिने उतरताना.
जिना कुठंय, बघ की.
एका बाईचं सगळं जगणं
कागदाच्या उजव्या कडेला
एकाखाली एक साचत गेलं.

बारीक काम करताना?
तिनं डोळे मिटले.
पान कापलं, जर्दा भरला, वळलं,
दोऱ्याचे दोन वेढे, नखानं तोंड दुमडलं,
आणि बिडी माझ्या तळहातावर ठेवली.
चार वर्षं असंच केलं.
छाट सगळ्यांची निघते तेवढीच निघाली.
डोळ्याला विचारलं कुणी?

मग ऑपरेशन कशासाठी?

तिनं दोरा दातानं तोडला.
दारात कोण आलं कळायचं नाय.
उजेडात नुसता काळा आकार.
सून हाय, का बचत गटवाली, का वसुलीचा पोरगा.
म्हणून सगळ्यांनाच हसायचे. आधीच हसून ठेवायचे.
गल्लीत नाव झालं, म्हातारी लई मायेची.
कारखान्यातला चेकरपण लाजायचा.
आता दिसतं कोण आलं ते.
आता बघून हसते.

प्रश्न एकोणिसावा:
दिसत नसल्यामुळे लोकांत मिसळणं कमी झालं का?
पेनाची शाई कागदावर ठिपका होऊन पसरेपर्यंत
मी तशीच बसले.

तेवढ्यात तीच म्हणाली,
त्यांच्या फोटोला हार हाय ना, तो बघ.
मी पाहिलं. नवा होता, शेवंतीचा.
हा मी आणला, परवा.
पट्टी काढून घरी आले तर जुना पार काळा पडलेला.
सून म्हणायची, अम्मा, आजच घातला.
मी रोज हात जोडायचे.
तिला काय बोलले नाय.
तिलापण हजार बिड्या असतात.

न दिसण्याची काळजी वाटते का, असा प्रश्न आहे.
दिसण्याची वाटते का, असा नाही.

बेरीज केली. शंभरात एक्याऐंशी.
गेल्या वेळी बहात्तर होते.
ऑफिसात सगळ्यांना आवडेल असा आकडा.
खाली 'शेरा', चार बोटं रुंद जागा.
तिथं लिहिलं: दारातला माणूस ओळखते.
अजून बरंच होतं. जागा संपली.

निघताना उंबऱ्यात थांबले,
पाठीमागे गल्लीतलं पांढरं ऊन.
तिनं गॉगल कपाळावर सरकवला
आणि मला बघितलं,
चपलेपासून, ओढणीवरून, केसांपर्यंत,
सावकाश, पान निवडावं तसं.
बराच वेळ गेला.

मग हसली.