चौथा मोजा

बाटल्यांना मोजे घातले होते लोरेन्सनं,
शाळेचे, राखाडी, एका मापाचे,
आणि मोज्यांवर खडूनं आकडे.
निपाणीत, बंद वखारीच्या माडीवर
सहा माणसं, सहा बाटल्या,
तीन गेल्या सालच्या, तीन जुन्या.
कुठली कुठली, ते फक्त त्यालाच ठाऊक.

मला बोलावलं होतं नाकासाठी.
छत्तीस वर्षं ह्याच वखारीत तंबाखूची प्रत लावली मी,
पान चुरगाळायचं, हुंगायचं, ढिगात टाकायचं.
दारूतलं मला काय कळणार, म्हटलं.
"मालनक्का, कळायचं कुणाला असतंय?
वास आला की सांगायचं, बस."

नदाफ मास्तर पीत नाहीत.
ते वही घेऊन गुण मांडायला बसले,
दहावीचे पेपर तपासायला घ्यावेत तसे चष्मा पुसून.
दातांच्या डॉक्टरीण हणबरबाई म्हणाल्या,
उद्या पेशंटांना हे निळे दात कसे दाखवू?

पहिली ओतली.
जांभोटीकडची पोरं जांभळं खाऊन
एकमेकांना जीभ दाखवतात, तो रंग.
वास न विचारता आत आला, चपलांसकट.
घोट घेतला आणि हिरड्या आवळल्या.
"तुरट," मी म्हणाले.
"वगरु," अडिवेप्पा म्हणाला.
मग बराच वेळ आम्ही भांडलो, दोन्ही एकच का.
तो म्हणे वगरु केळफुलाचं,
मी म्हणे तुरट हिरड्याचं.
मास्तरांनी दोन्ही लिहिलं,
दोन लिप्यांत, एका रकान्यात.

मधेमधे कडक भाकरीचा तुकडा, जिभेची पाटी पुसायला.
बेळगावच्या तारळेसाहेबांनी कुंदा आणला होता,
लोरेन्सनं तो डबा उचलून बाहेर नेला
चावरं कुत्रं न्यावं तसा.

चौथीला माडी गप्प झाली.
ग्लास तिरका धरला तर कडेला
खानापुरी कौलाचा रंग, पुष्कळ पावसाळे खाल्लेल्या.
वास आलाच नाही.
मी थांबले. ओल्या पानाला थांबावंच लागतं.
मग आला, एकेक पायरी चढत,
सुकं अंजीर, कातडी पट्टा,
आणि त्याखाली, शप्पथ सांगते,
ह्याच वखारीतला श्रावण,
बोद उघडल्यावर अंगावर यायचा तो.
बोलले काहीच नाही.
बोटं दाखवली, नऊ.

अडिवेप्पानं तोंड वाकडं केलं.
"मेलीया ही. दोन द्या."
अथणीकडे त्याचा द्राक्षमळा होता,
दारूही गाळायचा थोडी. त्याचं ऐकतात सगळे.
हणबरबाईंनी साताचे चार केले.
तारळेसाहेब म्हणाले, मलाही तसंच वाटत होतं.
माझी बोटं वरच.

दहाला मोजे निघाले.
पाचांवर छापील चिठ्ठ्या, घोस, सोनेरी अक्षरं.
चौथीवर वहीच्या कागदाची पट्टी,
कन्नडमध्ये अकरा वर्षांपूर्वीचं साल,
आणि खाली अडिवेप्पाची सही.

नाताळच्या केकात ओत म्हणून त्यानंच दिली होती.
लोरेन्सनं ती भट्टीपासून लांब,
पिठाच्या पोत्यांमागे आडवी ठेवली.
इकडे वेली निघाल्या, ऊस लागला, देणारा विसरून गेला.

पट्टी नखानं खरवडत तो बसला.
"त्या साली घाई केली मी.
थोरलीचं लगीन. आठ दिवस आधी तोडली द्राक्षं.
तवा कशी होती ही, आठवतंय? दात आंबले होते."
"होते की," लोरेन्स म्हणाला, "खरं आता बघ."
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.

तळाशी दोन बोटं उरली होती, गाळासकट.
अडिवेप्पानं ती स्वतःच्या ग्लासात घेतली,
हुंगली, खाली ठेवली, पुन्हा हुंगली.
मास्तर म्हणाले, दोन खोडू का?
तो म्हणाला, राहू दे की.
खालून संकेश्वरची शेवटची बस गेली,
ग्लास एकमेकांना लागून किणकिणले.

चौथा मोजा मी पिशवीत टाकून घरी आणला.
अजून धुतलेला नाही.