एकटीचा तांडा

जिल्हा रुग्णालयामागच्या बाभळीखाली
कंडम म्हणून उभी होती.
लिलावात मी बोली लावली तर साहेब हसले,
"सिस्टर, कोंबड्या पाळता का काय हिच्यात?"
बावीस वर्षं जिच्यात उभ्यानं सलाईन धरलं
तिच्यात एकदा आडवं होऊन पाहावं,
एवढंच होतं मनात.

स्ट्रेचरच्या जागी फळी, फळीवर गादी.
सलाईनच्या हुकाला कांद्यांची पिशवी.
पांढऱ्यावर पोपटी रंगाचे दोन हात दिले,
तरी कपाळावरची उलटी अक्षरं
उन्हात खालून वर येतातच,
जुन्या भाजल्याच्या डागासारखी.

नांदेडला दोन रात्री थांबणार होते.
देगलूर नाक्यावर क्लचनं जीव सोडला.
वाजिद पाशा खाली घुसला, काळा होऊन निघाला.
"पार्ट हैदराबाद से आना पडता अम्मा. चार दिन."
चाराचे एकोणीस झाले.

एप्रिलचं ऊन, पत्र्यावर भाकरी भाजावी असं.
लिंबाच्या सावलीमागं मी खुर्ची सरकवायची :
सकाळी बॉनेटपाशी,
तिसऱ्या प्रहरी मागच्या दाराशी.
तेवढाच माझा प्रवास.

जेवायला लंगरात.
फुकट किती खायचं म्हणून भांडी घासायला बसले
तर शेजारची हरबंस कौर अस्सल नांदेडी मराठीत,
"राख कमी घ्या मावशी, सालटं निघतील."
तिचे पणजोबा इथंच आले, इथलेच झाले.
मी मात्र शंभर कोसांवरची, पाहुणी.

गॅरेजसमोर नरसव्वा बिड्या वळायची,
सूप मांडीवर, तोंडात तेलुगू.
गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "नोप्पी."
मी म्हणाले, "दुखतंय."
मागून पाशाची बायको, "हौ, दुखरा."
तिघींनी मिळून एकच गुडघा दाबून पाहिला.

बीपीचं मशीन मी बाहेर मांडलं,
वारा लागावा म्हणून, म्हणा.
दुसऱ्या दिवशी सकाळी सात जणी ओळीत,
आठवा पाशाचा म्हातारा सासरा.
पेन्शन सुरू झाल्यावर पुन्हा ड्यूटी लागली.
मी रजिस्टर मात्र ठेवलं नाही.

ऊसतोडीहून परतणारा एक ट्रॅक्टर
पंक्चरसाठी थांबला.
खाटा, पातेली, शेळी, लेकरं.
त्यातली एक लमाण बाई उतरून
माझा पडदा बाजूला करून आत बघत राहिली.
"ह्यो तुझा तांडा, याडी? एकटीचा?"
मग हुकाला हात लावून, हळू,
"किती मेले हिच्यात?"
ते मी कधी मोजलं नाही.
जन्मलेले सांगता येतील : चौदा.
एक तर येडशीच्या घाटात, भर वळणावर.
ती म्हणाली, "मंग झोप बिनघोर,"
आणि पिशवीतले दोन कांदे
विचारल्याशिवाय घेऊन गेली.

सोळाव्या रात्री पत्र्यावर थापा.
वीस-एकविशीचा पोरगा, घामानं भिजलेला.
जाता जाता मोटरसायकलच्या आरशात
त्याला अक्षरं सुलटी दिसली होती.
"गाडी निघते का?"
क्लच तर परातीत, डिझेलात भिजत पडलेला.
"गाडी नाही निघत," मी म्हणाले,
"मी निघते."
पिशवी घेतली. साडी खोचली. मागं बसले.
इतवाऱ्याची गल्ली, चार जिने, अंधार,
आणि आतून ती ओरड,
जिला कुठलीच भाषा नसते.

सकाळी परत आले तेव्हा
नरसव्वानं विचारलं नाही,
फक्त चहाच्या कपावर बशी झाकून ठेवली होती.

पार्ट आला. पाशानं अर्धेच पैसे घेतले,
उरलेल्या अर्ध्यांवर भांडलो.
"वो अक्षरां घिसके डालूं क्या?"
मी म्हटलं, "नक्को."
त्याला हसू आलं, माझ्या तोंडून आलेल्या त्या शब्दाचं.

नरसीच्या रस्त्याला लागले.
पुढच्या ट्रकवाल्यानं आरशात पाहिलं,
घाईघाईनं डावीकडं घेतलं, वाट दिली.
मागून येणाऱ्यांनीही वेग कमी केला.
मी चाळिसानंच चालले होते.
मला काही घाई नव्हती.