वाढलेली

जुन्या बाजारात, बुधवारी,
गंजलेल्या पान्यांच्या ढिगात ही एकटीच गोल होती.
"वीस रुपये," मुनीरभाई म्हणाला,
"आणि कुठली ते विचारू नका."
त्याला नाही विचारलं.
पुढचे आठ महिने बाकी सगळ्यांना विचारत फिरलो.

चष्म्याच्या दुकानात एकतीस वर्षं गेली माझी.
भिंग डोळ्याला लागलं की तोंड आपोआप मिटतं.
पाहिलं : कारखान्यातली नाही.
कारखान्याच्या गोटीला बेंबी नसते.
हिला आहे, तळाशी, तांदळाच्या कणीएवढी खरखर,
सळईपासून तोडल्याचा व्रण,
नंतर कशावर तरी घासलेला, बहुधा दगडी पायरीवरच.
पोटात दोन बुडबुडे, एक मोठा, एक लाजरा.
मधून हिरवी पट्टी, पीळ घेत वर चढलेली.
वरच्या अंगाला बारीक टवके,
म्हणजे कपाटात राहिलेली नाही,
गलीत पडलेली आहे, टोले खाल्लेली आहे.
सही नाही.
कुठे करणार? गोटीला कोपरा नसतो.

वहीत लिहिलं :
क्रमांक दोनशे सहा. कर्ता अज्ञात.

तुळशीबागेच्या मागे इंदुमती कासार.
उजेडाकडे धरली, एक डोळा बारीक केला,
"चुड्यातला हिरवा. हा रंग आता येत नाही.
बांगडी आहे ही."
"फुटलेली?"
"फुटलेली म्हणू नये. वाढलेली."
एवढं बोलून मला बाजूला व्हायला सांगितलं,
गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते.
मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं.
नारळसुद्धा वाढतो बिचारा.
शब्दांची ही लबाडी शाळेपासून ठाऊक मला,
पण खरोखरच वाढून
काहीतरी झालेली बांगडी
पहिल्यांदाच तळहातावर होती.

मग पाषाण, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
मोरेश्वर तारू, वय ब्याऐंशी,
प्रयोगशाळेसाठी काच फुंकण्यात जन्म गेलेला,
गालफडं अजून सैल.
भिंग घेतलं नाही. गोटी दातावर वाजवली.
"मऊ काच. आमची कडक काच बांगडीला धरत नाही,
रात्रीतून तडकते.
ही पांढरी म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या फुटक्या पट्ट्या.
ज्यानं केली त्याला हे कळत होतं."
मग पीळ पाहिला. बराच वेळ.
"उलटा आहे."
"डावखुरं कोणी होतं तुमच्यात?"
"कोणी नव्हतं."

चहा आला. त्यावर साय धरली.

"बाटल्या धुवायला एक होती. नलू.
जेवणाच्या सुट्टीत ज्योतीच्या पलीकडे बसायची,
स्टुलावर, माझ्यासमोर, भाकरी मांडीवर.
मी काही शिकवलं नाही हो तिला.
बाटलीत हात घातला की बांगड्या वाढायच्या,
तुकडे ओच्यात बांधून ठेवायची.
एकदा सुट्टीवरून परत आलो तर
माझी ज्योत गरम होती."
थांबले.
"समोर बसून शिकली.
समोरून शिकलं की उलटं शिकलं जातं."

आडनाव?
आडनाव हजेरीपटावर असतं, ती रोजावर होती.
गोट्या कुणासाठी?
"पोरगा असेल. नसेलही. विचारलं नाही,"
असं ते खिडकीला म्हणाले.

वहीतलं अज्ञात खोडलं, नलू लिहिलं.
पुढे आडनावापुरती जागा सोडली,
आणि शाई वाळेपर्यंत दोघंही गप्प.

निघताना म्हटलं, पीळ घालतात तरी कसा, दाखवा.
तारूंनी रिकाम्या हवेत सळई धरली,
नसलेल्या ज्योतीकडे डोळे बारीक केले,
मनगट सावकाश फिरवलं.
मी टेबलाच्या अलीकडे, त्यांच्यासमोर.
माझेही हात कधी उचलले गेले कळलं नाही.
त्यांचा उजवा वळत होता.
माझा डावा.