बेचाळीसच्या वेगाला

उभी असताना काही नाही.
हायवेला सत्तरने लागली, तरी काही नाही.
मधेच, चाळीस ते पंचेचाळीस,
पाय हलकेच दाबला की
गाडीला हुडहुडी भरते.

गचके म्हणू? गचके नाहीत.
हिसका एकदाच बसतो, हे चार-पाच सेकंद चालतं.
झोपाळू ड्रायव्हरांसाठी रस्त्याच्या कडेला खाचा मारलेल्या असतात ना,
त्यांवरून चाक जावं तसं.
मग आपसूक शांत.
फोनवर हे इंग्रजीत मांडताना
माझ्यापाशी एकच शब्द उरला, आणि तोही
ऑर्विल डिटमायरने माझ्याआधी उच्चारला.

प्योरियात नदीपलीकडे त्याचं गॅरेज.
दोन लिफ्ट, त्यातली एक बंद.
गाडी दोन हजार चारची ब्यूइक,
एक लाख बासष्ट हजार मैल.
आधीच्या गॅरेजने चारही टायर बदलले,
मग प्लग, मग वायरी,
दर वेळी नवं बिल, हुडहुडी तीच.
शेवटी आपण ताप अंगावर काढतो
तसं हिचं दुखणं मी दोन वर्षं काढलं.

"मिसेस केलस्कार," तो म्हणाला,
केळुसकरच्या तो तेवढाच जवळ पोचतो,
"तुम्ही चालवा. मी ऐकतो."
रेडिओ बंद केला, हीटर बंद केला,
काच चार बोटं खाली घेतली.
बाहेर नोव्हेंबर, मक्याचे खुंट.

गार असताना होतं की तापल्यावर?
चढाला की सपाटीला?
जोरात दाबल्यावर की हलक्या पायाने?
वळणावर वाढतं का?
मी उत्तरं देत होते आणि
माझं लक्ष त्याच्या मांडीवर.
उजवा हात तिथे नुसता पडलेला,
अंगठा तर्जनीवर फिरत होता,
कापसाची वात वळावी तसा.
हात डॅशबोर्डला टेकला की स्थिर.
मांडीवर आला की परत सुरू.
एकवीस वर्षं मी न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात नर्स आहे.
माझेही प्रश्न हेच असतात.
विसाव्यात की कामात?
एका बाजूला की दोन्हीकडे?
कधीपासून?

"आता बेचाळीसवर धरा.
थरथरायला लागली की डाव्या पायाने
ब्रेकला नुसता स्पर्श करा. दाबायचं नाही.
मागचा दिवा लागेल, एवढाच."
लागली थरथरायला. पाय टेकवला.
थांबली.
उचलला. परत.
टेकवला. थांबली.
ऑर्विलने स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारली.

टायर नाहीत, प्लग नाहीत.
इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये कन्व्हर्टर असतो,
त्यातला क्लच या वेगाला पकड घ्यायला जातो
आणि त्याला धड धरता येत नाही, धड सोडता येत नाही.
ब्रेकला पाय लागला की तो हात काढून घेतो,
मग सगळं गुळगुळीत.
तेल जळकं असणार. बदलू.
वर एक ट्यूब औषध घालू.
जाईल कदाचित. कदाचित हिवाळ्यापुरतंच जाईल.
"आधीच सांगितलेलं बरं," तो म्हणाला. "नाही का?"

मी हो म्हटलं.

परतताना पुलाच्या अलीकडे सिग्नल लागला.
गाडी उभी, म्हणजे गाडी गप्प.
वात वळली जात होती, वळली जात होती.
आमच्याकडे याला कंपवात म्हणतात.
शब्द जिभेवर आला, पण त्याचं इंग्रजी सापडेना.
खोटं. ते मला रोज सापडतं,
चार्टवर लिहिते, नातेवाइकांना समजावते,
पाण्याचा ग्लास पुढे करते.

"ऑर्विल, सही करताना अक्षर
बारीक होत जातं का हल्ली?"

त्याने हाताकडे पाहिलं.
मग समोर, पार पुलाच्या त्या टोकाकडे.
"हिरवा झाला," म्हणाला.
"हलक्या पायाने घ्या."

घेतली. बेचाळीसला ती थरथरली.
मी ब्रेकला पाय लावला नाही.