पंचाण्णव, नव्याण्णव

हडर्सफील्डच्या पंपावर दोन नळ्या, दोन्ही हिरव्या.
एकीवर पंचाण्णव, एकीवर नव्याण्णव;
लिटरमागे चौदा पेन्सांचा फरक.
मार्कांवर वाढलेला माणूस मी,
हात कुठे जाणार, ठरलेलंच.

शेजारचा क्लिफर्ड हेग,
चाळीस वर्षं बस डेपोत इंजिनं उघडलेला,
म्हणाला, तुझ्या बारा वर्षांच्या जॅझला पंचाण्णव पुरतं.
नव्याण्णव म्हणजे ताकद नव्हे, दम धरणं:
दाबलं तरी अवेळी पेटायचं नाही, एवढंच.
ज्यांना फार दाबतात, त्यांना ते लागतं.

पटलं. आणि पटलं नाही.
म्हणून वही केली, निळी, चौकोनांची.
लिटरने भरायचं, मैलांनी चालायचं,
बोलायचं मात्र गॅलनात:
इथला हिशेब तीन तोंडांनी जेवतो.

तीन टाक्या साध्या. सेहेचाळीस, सेहेचाळीस पॉइंट आठ,
एक पुसट, कॉफी सांडलेली.
पुढच्या दोन नव्याण्णवच्या:
सत्तेचाळीस पॉइंट सहा, सत्तेचाळीस पॉइंट नऊ.
मैलभर वाढला. पैसे त्याहून वाढले.
तरी आउटलेनच्या चढावर वाटायचं,
गाडी मोकळी ओढतेय.
वाटण्याला वहीत रकाना नव्हता.

साध्यात दहा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं म्हणे.
झाकण फिरवताना मला
शिरोळच्या कारखान्यातली मळी आठवते.
इथे तसा वास येत नाही, नाक खोटं बोलतं.
पायही बोलत असेल.

एप्रिलात पाठीने आडवा झालो.
तीन आठवडे गाडी सुनीतीकडे.
उठलो, वही उघडली,
तिच्या गोल अक्षरात एक ओळ:
साधं. बावन्न पॉइंट एक.
खाली शेरा:
डिकीतल्या बाथरूमच्या फरशा काढल्या
(ऑगस्टपासून होत्या),
चाकांत हवा भरली.
तू ब्रेक फार मारतोस.

क्लिफर्डला दाखवलं. हसेल वाटलं होतं.
चष्मा वर करून त्याने ओळ दोनदा वाचली
आणि विचारलं, ती शनिवारी मोकळी असते का,
माझ्या नातवाला शिकवायचंय.

आज पुन्हा पंप. पाऊस आडवा.
मी कुठली नळी उचलली ते
ती बाजूच्या सीटवरून पाहत होती, बोलली नाही.
मग उताराला लागलो.
खाली सिग्नल लाल, अजून खूप लांब.
ती म्हणाली, सोड आता.

पाय सोडला.
गाडी आपली आपण गेली.